टाउपोच्या तळ्यावर दोन दिवस: मासेमारी, क्रूझ आणि शिडाची बोट, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भारतातून कोणी पाहुणे आले की आमच्याकडे न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये ठरलेला कार्यक्रम असतो, आधी हॉबिटन, मग रोटोरुआचे गरम झरे आणि तिथून टाउपो. पहिल्या दोन ठिकाणी चुकायला फारसा वाव नाही, तिकीट काढा, रांगेत उभे राहा, फोटो काढा, झालं. टाउपोला मात्र व्यवस्थित चुकता येतं आणि मी तीनदा चुकलोय. एकदा दुपारी दोनची क्रूझ घेतली आणि आईला अशी बोट लागली की पुढचा अख्खा दिवस ती मोटेलच्या खोलीत लिंबू हुंगत पडून होती. एकदा मासेमारीचं चुकीचं लायसन्स घेतलं. तिसरी चूक स्वयंपाकातली, ती शेवटी सांगतो. चौथ्या खेपेला सगळं जमलं, तेव्हा बाबा सोबत होते (देवगडचे, लहानपणापासून खाडीत गरी टाकून बसलेले), आणि परत आल्यावर ओळखीपाळखीतले इतके जण विचारायला लागले की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ह्याला तळं म्हणतात म्हणून आपल्या डोळ्यासमोर व्हेण्णा लेक किंवा फार तर पवना येतं, पॅडल बोट, कणीस, घोडे. टाउपो ६१६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही जिल्हे त्यात जवळपास पूर्ण बुडतील. सगळ्यात खोल जागी १८६ मीटर. हे मुळात एका ज्वालामुखीचं तोंड आहे, साधारण २५,५०० वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट होऊन जमीन खाली बसली आणि त्यात पाणी भरलं, शेवटचा मोठा स्फोट सुमारे १,८०० वर्षांपूर्वीचा. काठावर फिरताना पांढुरके हलके दगड दिसतील, उचलून पाण्यात टाकले तर तरंगतात. आमच्या मुलीने अर्धा तास तेच केलं. आईने एक हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, अगं ही तर वजरी, पाय घासायची! बरोबर आहे, तोच दगड, लाव्हारसाचा फेस. काठावर पोचून समोर बघितल्यावर बाबांची पहिली प्रतिक्रिया होती, "ह्या तळा खंयचा, ह्यो दर्याच आसा!"

तर दर्या समजूनच प्लॅनिंग करायचं. म्हणजे सगळ्यात आधी वारा.

आधी वारा बघा, मग बुकिंग करा

इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो आणि टाउपो गाव आहे तळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात. नकाशा उघडून बघितलं की लगेच कळेल काय होतं ते, नैऋत्येचा वारा सुटला की त्याला मोकळ्या पाण्यावरून तीसचाळीस किलोमीटर सलग पळायला मिळतं, तेवढ्या अंतरात लाटा तयार होतात आणि सगळ्या येऊन गावाच्या बाजूला आपटतात. त्यात ह्या लाटा समुद्रासारख्या लांबसडक नसतात, आखूड आणि उभ्या, एकामागून एक धपाधप. समुद्रात कधी बोट न लागणाऱ्या माणसालाही इथे लागू शकते. सकाळी सहा ते दहाअकरापर्यंत पाणी बऱ्याचदा काचेसारखं असतं, दुपारी वारा चढतो, संध्याकाळी परत पडतो. रोज असंच होतं असं नाही, पण उन्हाळ्यात बऱ्यापैकी भरवशाचं आहे.

त्यामुळे माझं सूत्र असं: मासेमारी पहाटे, क्रूझ सकाळी, शिडाची बोट दुपारी. शिडाला वारा लागतोच, सकाळच्या निवांत पाण्यात शिडाची बोट म्हणजे इंजिनवर चाललेली महागडी होडी. लोक नेमकं उलटं करतात, सकाळी आरामात उठून नाश्ता वगैरे करून अकराला सेलिंग आणि जेवून दुपारी क्रूझ, आणि मग दोन्हीकडे तोंड पाडून परत.

निघायच्या दोन दिवस आधी मेटसर्व्हिस ह्या इथल्या हवामान संस्थेचा अंदाज बघा, जोडीला वारा दाखवणारं विंडी ॲप. वारा नॉट्समध्ये दिसतो, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. माझा स्वतःचा हिशोब सांगतो, दहा नॉट्सपर्यंत म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन खुशाल जा, दहा ते अठरा शिडासाठी मजेचा, आणि वीसच्या वर गेला की बोटीचा नाद सोडून हुका फॉल्स बघायला जायचं. अंदाज थोडा वाईट असेल तर बुकिंग करतानाच विचारून ठेवा की त्यांनी फेरी रद्द केली तर पैसे परत की पुढची तारीख, आणि आपण घाबरून रद्द केली तर काय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कधी जायचं, कसं पोचायचं

इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. ख्रिसमसपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत अख्खा देश सुट्टीवर असतो, टाउपोत मोटेल मिळत नाही आणि मिळालं तर भाव ऐकून चक्कर येते. फेब्रुवारीचा दुसरा भाग आणि मार्च सगळ्यात छान, हवा स्थिर, गर्दी कमी, पाणीही थोडं तापलेलं. भारतातून मे-जूनच्या सुट्टीत येणाऱ्यांना थंडी मिळेल, पाणी एकदम गार, पण आभाळ स्वच्छ असलं की तळ्याच्या पलीकडे दक्षिणेला टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू हे तिन्ही ज्वालामुखी बर्फासकट दिसतात, ते दृश्य उन्हाळ्यात नाही.

ऑकलंडहून रस्त्याने साधारण २८० किलोमीटर, साडेतीन तास धरा, मध्ये चहाला थांबलात तर चार. रोटोरुआहून तासाभराचा रस्ता. बस आहे, ऑकलंडहून छोटं विमानही आहे, पण गाडी असलेली बरी कारण पहाटे साडेपाचला धक्क्यावर पोचायचं असतं. राहायला गावातलंच, किचन असलेलं मोटेल घ्या. किचन का ते पुढे कळेलच.

आणखी एक, भारतातून कोणी आपला रॉड, बूट किंवा मासेमारीचं काही सामान घेऊन येत असेल तर विमानतळावर डिक्लेअर करायचं, वापरलेलं असेल तर धुऊन खडखडीत वाळवून आणायचं. हे लोक ह्याबाबतीत अजिबात ऐकून घेत नाहीत. सुकट, मसाले, लोणची, जे काय पिशवीत असेल ते सगळंच डिक्लेअर करा म्हणा, तो वेगळा विषय आहे, पण आमच्या एका काकूंना सोड्यांच्या पुडीपायी जे ऐकावं लागलं ते मी विसरलेलो नाही.

लायसन्स: इथेच निम्मे लोक फसतात

न्यूझीलंडमध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स फिश अँड गेम नावाची संस्था देते आणि ते जवळजवळ देशभर चालतं. जवळजवळ म्हणजे टाउपो सोडून. टाउपोचा वेगळा जिल्हा आहे, त्याचं लायसन्स डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, म्हणजे इथे सगळे ज्याला डॉक म्हणतात ते, देतं. मी रोटोरुआत फिश अँड गेमचं घेतलेलं आणि तेच खिशात घालून रुबाबात टाउपोच्या बोटीवर चढलो, स्किपरने (म्हणजे बोट चालवणाऱ्याने) बघितलं, हसला आणि म्हणाला हे इथे कागदाच्या होडीला वापर. धक्क्यावर उभं राहून फोनवर नवीन काढलं, वीस मिनिटं गेली.

वेगळं का, ह्याला इतिहास आहे. तळ्याचा तळ हा न्गाती तूफारेतोआ ह्या माओरी जमातीचा. १९२६ साली सरकारने करार करून तो आपल्याकडे घेतला आणि बदल्यात जमातीला लायसन्सच्या उत्पन्नातला वाटा ठरला, १९९२ साली तळाची मालकी त्यांच्या ट्रस्ट बोर्डाकडे परत आली. म्हणजे पाण्यावर फिरताना आपण कोणाच्या तरी अंगणात आहोत हे लक्षात ठेवायचं. तळ्यात मोटुताइको नावाचं बेट आहे, ते त्यांच्यासाठी पवित्र, तिथे पूर्वजांची दफनं आहेत, उतरायला बंदी आहे. भाड्याची बोट घेऊन "जरा जाऊन फोटो काढू" असलं काही करू नका.

लायसन्स डॉकच्या साइटवरून काढा, एक दिवसाचं मिळतं. जितके लोक रॉड हातात धरणार तितकी लायसन्स, लहान मुलांनाही लागतं, त्यांची फी कमी. नुसतं बोटीत बसून बघणाऱ्याला गरज नाही. एका माणसाला एक रॉड. मासा किती लांबीपेक्षा लहान असला तर सोडायचा आणि दिवसाला किती ठेवता येतात हे त्यांच्या नियमांत दिलेलं असतं, नियम बदलत असतात म्हणून मी इथे आकडे देत नाही, ज्या दिवशी जाल त्या दिवशीचे वाचा. बऱ्याच चार्टर बोटी (स्किपरसकट भाड्याने मिळणाऱ्या) लायसन्स स्वतःच काढून देतात, बुकिंगच्या वेळी विचारलं की झालं.

चार्टर बोट निवडताना

पहिल्यांदा जाताय तर काठावरून किंवा स्वतः बोट भाड्याने घेऊन मासेमारी करण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ चार्टर घ्या. स्किपर, रॉड, जाळी, मासे साफ करणं सगळं त्यात येतं. भाडं बहुतेक ठिकाणी माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं तासावर असतं, म्हणून दोघांना महाग पडतं आणि पाचसहा जणांना परवडतं. दोन कुटुंबं मिळून घ्या. कमीत कमी दोन-तीन तास घ्यावे लागतात आणि माझ्या मते तीन तासच घ्या, दोन तासांत पहिला पाऊण तास नुसता जाण्यात आणि रॉड लावण्यात जातो.

फोनवर विचारायचे प्रश्न: किती माणसं बसतात, संडास आहे का (आईबाबा असतील तर हा पहिला प्रश्न), लायसन्स धरून किंमत का, वारा असला तर काय, मासा साफ करून देता का, खाण्याचा डबा आणला तर चालेल का. डब्याबद्दल एक गंमत. आम्ही थेपले आणि अर्धा डझन केळी घेऊन गेलो आणि केळी बघून स्किपरचा चेहरा पडला. मासेमारीच्या बोटीवर केळं म्हणजे अपशकुन अशी ह्या मंडळींची समजूत आहे, मनापासून मानतात. बाबांना अजिबात नवल वाटलं नाही, म्हणाले आमच्याकडे नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, ह्यांचं केळं. केळी गाडीत ठेवून आलो.

बहुतेक बोटी टाउपो बोट हार्बरवरून सुटतात, जिथे वाइकाटो नदी तळ्यातून बाहेर पडते तिथेच. काही किनलॉकहून, ते पश्चिमेच्या खाड्यांना जवळ पडतं.

प्रत्यक्ष मासा पकडताना काय होतं

मासा म्हणजे ट्राउट. इथला मूळचा नाही, १८८७ साली ब्राउन ट्राउट सोडला आणि १८९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातून आलेला रेनबो. आता लागतो तो बहुतेक रेनबोच, दीड-दोन किलोचा मिळाला तर चांगला.

पद्धत मोसमावर असते. वसंतात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, स्मेल्ट नावाचे बोटभर मासे अंडी घालायला काठाजवळ येतात आणि ट्राउट त्यांच्या मागे, तेव्हा पहाटे काठाला धरून हळूहळू बोट चालवत मागे माशीसारखं आमिष ओढतात, ह्याला हार्लिंग म्हणतात. भर उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की मासा खाली गारव्याला जातो, वीसतीस मीटर किंवा त्याहून खोल, तेव्हा डाउनरिगर. हे प्रकरण आम्ही पहिल्यांदा बघितलं. बोटीच्या मागच्या बाजूला छोटी चरखी, तिला तारेवर चारेक किलोचा शिशाचा गोळा, त्या तारेला चिमट्याने तुमच्या रॉडची दोरी अडकवतात आणि गोळा खाली सोडतात. आमिष बरोबर त्या खोलीवर राहतं आणि बोट चालत्या माणसाच्या वेगाने पुढे जात राहते. जिगिंग हा तिसरा प्रकार, बोट थांबवून दोरी सरळ खाली सोडून वरखाली हलवत बसायचं, मुलांना हाच जास्त आवडतो कारण हाताला काम असतं.

आता नीट वाचा, कारण इथेच मासा सुटतो. डाउनरिगरवर रॉड आधीच ताणून वाकवलेला असतो. मासा लागला की चिमटा सुटतो आणि रॉड एकदम सरळ होतो, बघणाऱ्याला वाटतं गेलं, सुटलं. सुटलेलं नसतं. त्याच क्षणी रॉड उचलायचा आणि भराभर रीळ फिरवायचं, मधली सैल दोरी आत आली की पलीकडचं वजन हाताला लागतं. मग रॉडचं टोक वर धरून राहायचं. मासा पळायला लागला की रीळ घर्रर्र करत उलटं सुटतं, तेव्हा हँडल फिरवायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. तो थांबला की आपण फिरवायचं. परत पळाला की परत थांबायचं. रेनबो पाण्याबाहेर उडी मारतो, एकदा, दोनदा, चांदीसारखा चमकतो आणि अंगावर गुलाबी पट्टा दिसतो, त्या क्षणी टोक थोडं खाली करायचं म्हणजे दोरीला झटका बसत नाही. बोटीजवळ आल्यावर घाई नको, शेवटच्या तीन मीटरला जाळी बघून तो हमखास जोर करतो.

बाबांना हे सांगायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. खाडीत हातात नुसती दोरी धरून गरवणारा माणूस, त्यांना रॉड म्हणजे खेळणं वाटलं. आणि पहिला मासा घालवला! दोरी हातानेच ओढायला गेले. दुसऱ्या वेळी स्किपरचं मुकाट्याने ऐकलं आणि चांगला दीड किलोचा आणला. मला लागलेला लहान निघाला, तो सोडावा लागला. सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हाताने धरला की अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा नंतर आजारी पडतो. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. फोटोसाठी वर धरून पाच मिनिटं उभं राहायचं नाही.

ठेवायचा असेल तर स्किपर डोक्यात टोला घालून लगेच मारतो, रक्त काढतो, पोट साफ करतो. छोटी आइसबॉक्स घेऊन जा, गावात सुपरमार्केटात बर्फ मिळतो.

कधीकधी तीन तासांत एकही लागत नाही, हेही धरून चाला. आणि मग बाजारातून विकत आणू म्हणालात तर तेही जमत नाही, कारण न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. कुठल्याच हॉटेलच्या मेनूवर तो नसतो, कुठल्याच दुकानात नसतो. खायचा तर स्वतः पकडायचा नाहीतर कोणीतरी पकडलेला फुकट द्यायला हवा, बदल्यात काही घेणंही चालत नाही. म्हणून तर इथे चार्टरवर खर्च करायचा, नुसता गळ टाकून बसायची हौस इतर ठिकाणीही भागते. गावातली काही रेस्टॉरंट तुम्ही नेलेला मासा शिजवून देतात, आधी फोन करून विचारा.

टोंगारिरो नदीवर फ्लाय फिशिंगला (माशीसारखं हलकं आमिष फेकत करायची मासेमारी) जगभरातून लोक येतात, तळ्याच्या दक्षिण टोकाला तुरांगीला, टाउपोहून पन्नासेक किलोमीटर. कंबरभर गार पाण्यात उभं राहून करायचा प्रकार, शिकायलाच दिवस जातात, गाइडशिवाय जाऊ नका आणि तळाला फेल्ट लावलेले बूट इथे चालत नाहीत. लहान मुलं असतील तर तुरांगीजवळचं नॅशनल ट्राउट सेंटर बघा, पाण्याखालच्या खिडकीतून ओढ्यातले मासे दिसतात.

क्रूझ

क्रूझ म्हणजे मुख्यतः माइन बेची कोरीव शिल्पं बघायला जाणं. कड्यावर पाण्यालगत दहा मीटरपेक्षा उंच चेहरा कोरलाय, न्गातोरोइरांगी ह्या माओरी पूर्वजाचा, जो हजारएक वर्षांपूर्वी इथे वाट काढत आला असं मानतात. शिल्प बघून वाटतं शेकडो वर्षं जुनं असणार, पण ते १९७० च्या दशकाच्या शेवटी मताही ब्राइटवेल ह्या कलाकाराने कोरायला घेतलं. रस्ता नाही, पाण्यावरूनच जायचं. जाऊन येऊन दीड ते अडीच तास, बोटीवर अवलंबून.

जाताना उजव्या बाजूला बसा, किनारा, ॲकेशिया बेची घरं आणि कडे त्याच बाजूला आहेत. शिवाय पश्चिमेचा वारा असला तर ह्या बाजूला टेकड्यांचा आडोसा मिळतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला हाच मार्ग बरा. बोट लागण्याची सवय असेल तर गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नसतो, आणि बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला बसून लांबच्या काठाकडे बघत राहायचं. खाली केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघत बसलात तर मग मला सांगू नका. आईने दुसऱ्या खेपेला सकाळची फेरी, गोळी आणि आल्याची वडी असा बंदोबस्त केला आणि काही झालं नाही, उलट शिल्पासमोर बोट थांबली तेव्हा तिने हात जोडले. स्किपर काही बोलला नाही, टोपी काढून उभा राहिला.

हातपाय धड असतील तर ॲकेशिया बेकडून कायाकनेही (वल्हवायची छोटी अरुंद होडी) जाता येतं, गाइडबरोबर अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. शिल्पाच्या अगदी खाली जाऊन मान वर करून बघताना जे वाटतं ते मोठ्या बोटीवरून नाही वाटत. पण सकाळचीच वेळ घ्या, परत येताना समोरून वारा आला तर खांदे गेलेच म्हणून समजा.

शिडाची बोट

मला विचाराल तर दोनच गोष्टींचे पैसे असतील तर मासेमारी आणि ही. शिल्पं शिडाच्या बोटीवरूनही दिसतात, बऱ्याच फेऱ्या तिथेच जातात, त्यामुळे वेगळी क्रूझ वाचते. लोकही कमी असतात, दहाबारा, आणि काम करायला मिळतं. स्किपर विचारतो शीड कोण ओढणार, लाजू नका, हात वर करा. दोरी चरखीला दोनतीन वेढे देऊन ओढायची, शीड वर जाताना फडफडाट होतो, इतका की बोलणं ऐकू येत नाही, आणि मग वारा भरला की एकदम शांत. इंजिन बंद. नुसतं पाण्याचं चुळुक चुळुक.

माहीत असलेलं बरं अशा दोन गोष्टी. एक, बोट एका अंगावर कलते. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, आईने "आडवी होतेय, आडवी होतेय" म्हणून माझा दंड धरून ठेवलेला. ती उलटत नाही, खाली जड लोखंडी किंवा शिशाचा कणा असतो आणि कलणं हा शिडाच्या बोटीचा स्वभावच आहे. वरच्या बाजूला बसायचं, पाय टेकवायला जागा बघून ठेवायची. दोन, शिडाच्या खालचा आडवा दांडा. बोटीची दिशा बदलताना तो ह्या बाजूचा त्या बाजूला येतो, स्किपर ओरडून सांगतो, तेव्हा डोकं खाली. सेल्फीसाठी त्यावेळी उभं राहायचं नाही. चाक हातात दिलं तर नक्की धरा, बोट हळू उत्तर देते, फिरवल्यावर क्षणभर काही होत नाही म्हणून आणखी फिरवू नका, मी फिरवलं आणि शीड लोंबकळायला लागलं.

कपडे थरावर थर. ऊन असलं तरी पाण्यावर गार वारा लागतो, विंडचीटर हवंच, टोपी दोरीवाली, बूट पांढऱ्या किंवा न घसरणाऱ्या तळाचे. सनस्क्रीन गारठ्यातही लावायचं, इथलं ऊन कातडी सोलून काढतं, आपल्या सावळ्या रंगाला काही होत नाही हा गैरसमज.

टू माइल बेला लहान शिडाच्या बोटी, कायाक वगैरे भाड्याने मिळतात. आधी शिकलेले नसाल तर लहान शिडाची बोट एकट्याने घेऊ नका, ती उलटते आणि पाणी उन्हाळ्यातही विशीच्या आसपास, थंडीत दहाअकरा अंश. त्या पाण्यात पडल्यावर पहिली दोन मिनिटं श्वासच धड लागत नाही.

स्वतः मोटरबोट चालवायची असेल तर

चालवायला लायसन्स लागत नाही, ह्यानेच लोक फसतात. लाइफजॅकेट प्रत्येकाच्या मापाचं, सहा मीटरपेक्षा लहान बोटीत अंगात घालूनच बसायचं. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि दुसरी बोट किंवा पोहणाऱ्यापासून ५० मीटरच्या आत वेग पाच नॉट्सच्या वर न्यायचा नाही. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत, काठावर कोणाला तरी परतायची वेळ सांगून. मोकळ्या मध्यावर जाऊ नका, काठ धरून फिरा आणि लांब पाण्यावर पांढरे फेसाळ ठिपके दिसायला लागले की त्याच मिनिटाला परत फिरा, ते तुमच्यापर्यंत यायची वाट बघू नका. दुसऱ्या तळ्यातून किंवा नदीतून बोट, कायाक, वेडर (पाण्यात उभं राहायला घालतात ते उंच, पाणी न शिरणारे बूट-पँट) आणलं असेल तर आधी तपासून, धुऊन, वाळवून, कारण २०२३ साली वाइकाटो नदीत परदेशी सोनेरी शिंपला सापडलाय आणि तो टाउपोत येऊ नये म्हणून सगळे जीव टांगणीला लावून बसलेत.

आणि मासा शिजवताना

आता तिसरी चूक. मोटेलच्या खोलीत मी तव्यावर धुरकट तेलात मासा टाकला, खिडकी बंद, आणि छतावरचा अलार्म असा बोंबलला की शेजारच्या खोलीतली जर्मन बाई टॉवेलवर बाहेर आली. पंखा चालू करा, खिडकी उघडा, किंवा सरळ बाहेरच्या बार्बेक्यूवर करा, बऱ्याच मोटेलांत तो असतो.

ट्राउटचं मांस केशरी-गुलाबी, काटा आपल्या नदीच्या माशांच्या मानाने कमी, चव रावसाच्या जवळपास पण सौम्य. गोड्या पाण्यातला म्हणून बाबा आधी नाक मुरडून बसले होते. चिखलाचा वास वगैरे काही नाही, पाणीच इतकं गार आणि स्वच्छ आहे. तुकडे जाड ठेवा, हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावून वीस मिनिटं, आगळ नसेल तर लिंबू, मग रव्यात थोडं तांदळाचं पीठ घालून त्यात घोळवून मध्यम आचेवर. खूप वेळ ठेवू नका, हा मासा पटकन कोरडा पडतो, सुरमईच्या हिशोबाने तळलात तर भुसा होईल. इथले लोक मानुकाच्या लाकडाच्या भुशावर धुरावतात, तेही चांगलं लागतं. डोकी मात्र स्किपरला आधीच सांगून मागून घ्या, नाहीतर साफ करताना तो बिनधास्त फेकून देतो, बाबांनी नको नको म्हणत पिशवीत घालून घेतली आणि रात्री त्याचं तिरफळ घालून आंबट तिखट केलं, तिरफळं ऑकलंडहून मीच डबीत नेली होती.